पटावरचे प्रश्न: एक प्यादं जास्त, तरी बरोबरी

या वेळचे जवळजवळ सगळे प्रश्न बुद्धिबळाच्या स्पर्धेतल्या डावांबद्दल आहेत. पहिल्या पत्रात पूर्ण डाव आलाय, तोही वेळेच्या नोंदीसकट, त्यामुळे सगळ्यात जास्त जागा त्यालाच दिलीय.

प्रश्न: क्लबच्या स्पर्धेत चौथ्या राऊंडला माझ्याच लेव्हलच्या एका प्लेअरशी डाव झाला. टाइम कंट्रोल, म्हणजे प्रत्येकाला मिळणारा वेळ, ९० मिनिटं अधिक प्रत्येक चालीला ३० सेकंद. मी पांढरा. (अक्षर म्हणजे पटावरची उभी रांग, आकडा म्हणजे आडवी; मोहऱ्याचं नाव नसेल तर चाल प्याद्याची.) १. ई४ ई५ २. घोडा एफ३, घोडा सी६ ३. उंट सी४, घोडा एफ६ ४. घोडा सी३, आणि इथे त्याने घोड्याने माझं ई४ चं प्यादंच मारलं. आधी वाटलं फुकट घोडा देतोय, मग दिसलं की मी घोडा घेतला की तो डी५ करून माझ्या उंटावर आणि घोड्यावर एकदम हल्ला करणार. म्हणून मी आधी उंटाने एफ७ चं प्यादं मारून शह दिला, त्याने राजाने उंट मारला, मग मी घोडा मारला, त्याने डी५ केलंच. पुढे बराच वेळ माझं अवघड होतं, पण त्याने एक प्यादं घालवलं, हळूहळू सगळं कापलं गेलं, शेवटी हत्तीही कापले. उरलं ते असं: माझा राजा ई४, प्यादं एफ२, त्याचा नुसता राजा ई६, चाल माझी. मी एफ४ खेळलो आणि डाव बरोबरीत सुटला. क्लबात सगळे म्हणतात की हत्ती कापायलाच नको होते. खरंच का?

उत्तर: नाही, हत्ती कापले ते अगदी बरोबर केलं. राजा ई४, प्यादं एफ२, समोर राजा ई६ ही पोझिशन पांढरा जिंकतो, शंभर टक्के, चाल कोणाचीही असो. डाव सुटला तो तिथून पुढच्या एका चालीत, आणि ती चाल म्हणजे एफ४.

आता का ते नीट बघू, कारण ही पोझिशन क्लबच्या डावांमध्ये सारखी येते आणि दर वेळी कोणीतरी अर्धा पॉइंट इथेच टाकून येतो. राजा आणि एका प्याद्याच्या एंडगेममध्ये (थोडेच मोहरे उरलेल्या शेवटच्या टप्प्यात) प्याद्याने राजाच्या मागून चालायचं असतं, राजाने आधी पुढे जाऊन रस्ता मोकळा करायचा असतो. तुमचा राजा प्याद्याच्या दोन रांगा पुढे होता, म्हणजे सगळ्यात भारी परिस्थिती, कारण हातात एक जास्तीची चाल शिल्लक होती: एफ३. ती खेळून तुम्ही चाल त्याच्यावर ढकलता आणि त्याच्या राजाला तुमच्यासमोरून हलावंच लागतं. एफ३ नंतर समजा तो राजा एफ६ करतो, तुम्ही राजा एफ४, परत समोरासमोर आणि परत चाल त्याची. तो ई६ ला गेला की तुम्ही राजा जी५, तो ई५ ला यायला निघाला तर एफ४ चा शह बसतो आणि प्यादं राजाच्या आधाराने पुढे सरकतं, तो एफ७ ला आला तर तुम्ही राजा एफ५, आणि असं करत तुमचा राजा सहाव्या रांगेत प्याद्याच्या पुढे पोचला की मग त्याने काहीही केलं तरी प्यादं वजीर होतं. यालाच अपोझिशन म्हणतात, राजे समोरासमोर, मध्ये एक घर, आणि ज्याची चाल त्याची अडचण.

एफ४ एका दमात खेळल्याने ती जास्तीची चाल संपली. प्यादं राजाच्या शेजारी येऊन उभं राहिलं आणि आता राजा पुढे गेला की प्यादं उघडं पडतं. तुमच्या स्कोअरशीटवर (चाली लिहायच्या कागदावर) पुढचं असं आहे, पहिली चाल त्याची: राजा एफ६, एफ५, राजा एफ७, राजा ई५, राजा ई७, एफ६ शह, राजा एफ७, राजा एफ५, राजा एफ८, राजा ई६, राजा ई८, एफ७ शह, राजा एफ८, राजा एफ६ आणि स्टेलमेट, म्हणजे त्याला शह नाही पण चालही उरली नाही, म्हणून बरोबरी. यात समोरच्याची एक चाल खास बघा, तुम्ही राजा एफ५ ला आणल्यावर तो सरळ मागे एफ८ ला गेला. तिथे जी८ किंवा ई८ ला गेला असता तर हरला असता, कारण मग तुमचा राजा त्याच बाजूने सहाव्या रांगेत त्याच्या समोर येऊन उभा राहतो आणि प्यादं शह न देता सातव्या रांगेत पोचतं. सरळ मागे जायचं हे त्याला माहीत होतं, म्हणजे हा बचाव त्याने आधी कधीतरी शिकलेला आहे, आणि त्या अर्ध्या पॉइंटवर त्याचा पूर्ण हक्क आहे.

तुम्ही वेळ लिहून पाठवलात त्याबद्दल मनापासून आभार, कारण खरं उत्तर तिथेच सापडलं. सतराव्या चालीला हत्ती डी१ ला न्यायचा की ई१ ला यावर तुम्ही २६ मिनिटं घालवलीत. एफ७ वर उंट दिलात तो अर्ध्या मिनिटाच्या आत. आणि एफ४ ला ९ सेकंद, तेव्हा घड्याळात ११ मिनिटं होती! म्हणजे वेळ कमी होता असं अजिबात नाही. हत्ती डी१ ला नेला आणि चुकलं असं वाटलं तर दोन चालींनंतर ई१ ला नेता येतो, फारतर एक टेम्पो जातो, म्हणजे एक चाल वाया. प्यादं मात्र पुढे गेलं की मागे येत नाही, उंट दिला की दिला, आणि शेवटचे हत्ती कापले की त्या डावात परत कधीच हत्ती नसतो. ज्या चाली मागे घेता येत नाहीत तिथे वेळ द्यायचा, हे मी गेली कित्येक वर्षं क्लबच्या पोरांना आणि मोठ्यांनाही सांगत आलोय, आणि तरी बहुतेकांच्या स्कोअरशीटवर उलटंच दिसतं, कारण दोन सारख्या चांगल्या चाली समोर असल्या की माणूस तासभर तोलत बसतो आणि मारामारी सुरू झाली की हात आपोआप पुढे जातो.

हत्ती कापायच्या आधीचा क्षण तर सगळ्यात महागडा. तिथे थांबून फक्त राजा आणि प्यादी डोळ्यांसमोर आणायची, चाल कोणाची येणार ते मोजायचं आणि पहिल्या दोन चाली तरी ठरवून मगच कापायचं. तुम्ही ते केलं असतं तर एफ३ तुम्हाला कापण्याआधीच दिसलं असतं.

आता ओपनिंग. घोडा ई४ चं प्यादं मारतो ती जुनी, प्रसिद्ध युक्ती आहे आणि तुम्हाला डी५ चा फोर्क (एकाच प्याद्याने दोन मोहऱ्यांवर हल्ला) वेळेत दिसला हे फार चांगलं झालं. पण फोर्क दिसला म्हणून घाबरायचं कारण नव्हतं. घोड्याने सरळ घोडा मारायचा, तो डी५, तुम्ही उंट डी३, तो प्याद्याने ई४ चा घोडा मारतो, तुम्ही उंटाने ते प्यादं मारता, हिशोब बरोबर. काळ्याला खेळ सोपा मिळतो, एवढंच, तुमचं काही बिघडत नाही. उंटाने एफ७ मारलं की त्याचं कॅसलिंग (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवायची मुभा) गेलं म्हणून समाधान वाटतं, पण त्याच्याकडे ई५ आणि डी५ अशी दोन प्यादी मधोमध, दोन्ही उंट, आणि वर तुमचा घोडा ई४ वर हल्ल्यात. तो जी५ वरून शह द्यायला गेला की काळा राजा शांतपणे जी८ ला जाऊन बसतो. मुळात हे सगळंच नको असेल तर चौथ्या चालीला सी३ चा घोडा न काढता डी३ करा, ई४ ला आधार मिळतो आणि ही युक्तीच राहत नाही.

एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूने. एफ७ चं ते प्यादं पाचव्या चालीला गेलं आणि म्हणूनच शेवटी तुमच्या एफ-प्याद्यासमोर त्याचं कोणी नव्हतं. वाईट पोझिशन इतका वेळ धरून ठेवलीत, त्याला चुकायला लावलंत आणि शेवटी जिंकणारा एंडगेम मिळवलात. हा डाव जपून ठेवा.

प्रश्न: घाईत कॅसलिंग करताना मी आधी हत्ती उचलला आणि मग राजा. समोरच्याने आर्बिटरला (पंचांना) बोलावलं आणि आर्बिटर म्हणाले कॅसलिंग होणार नाही, हत्तीच खेळावा लागेल. दोन्ही मोहरे माझेच, चाल कायदेशीर, मग आधी काय उचललं याने काय फरक पडतो?

उत्तर: फरक पडतो, आर्बिटरचा निर्णय बरोबर आहे. फिडेच्या (जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या) नियमात कॅसलिंग ही राजाची चाल धरली जाते. आधी राजा उचलून दोन घरं सरकवायचा, मग हत्ती त्याच्या पलीकडे. हत्तीला आधी हात लावून मग राजाला लावला तर त्या चालीला त्या बाजूचं कॅसलिंग करता येत नाही आणि टच मूव्हप्रमाणे (ज्याला हात लावला तोच मोहरा खेळायचा) हत्तीची जी काही चाल शक्य असेल ती करावी लागते. पुढच्या चालीला कॅसलिंग करता येईल का, तर तो हत्ती हलल्यामुळे त्या बाजूला कधीच नाही. म्हणजे नुकसान मोठं आहे.

आणखी एक, दोन्ही हातांनी कॅसलिंग करायचं नाही. बरेच जण एका हाताने राजा आणि दुसऱ्याने हत्ती एकदम सरकवतात, घरी चालतं, स्पर्धेत असं करून घड्याळ दाबलं की ती इल्लीगल मूव्हसारखीच धरतात. क्लासिकलमध्ये (लांब वेळेच्या डावांत) पहिल्या वेळी समोरच्याला २ मिनिटं जास्त मिळतात आणि दुसऱ्यांदा झालं तर डाव गेला. घड्याळही त्याच हाताने दाबायचं ज्या हाताने चाल केली.

कॅसलिंगच्या नियमात गोंधळ फक्त नवशिक्यांचा होतो असं समजू नका. १९७४ मध्ये कार्पोवविरुद्ध कँडिडेट्स फायनल (वर्ल्ड चॅम्पियनला आव्हान कोण देणार ते ठरवणारी मॅच) खेळताना व्हिक्टर कोर्चनॉयने, जो तेव्हा जगातल्या सगळ्यात बलाढ्य खेळाडूंपैकी एक होता, आर्बिटरला जाऊन विचारलं होतं की हत्तीवर हल्ला असताना कॅसलिंग करता येतं का. येतं. अट फक्त राजाची आहे: राजा शहात नको, ज्या घरावरून जातो ते हल्ल्यात नको आणि जिथे पोचतो तेही नको. मोठ्या कॅसलिंगमध्ये हत्ती बी१ वरून जातो, त्या घरावर समोरच्याचा मारा असला तरी चालतं. कोर्चनॉयने विचारलं ते मला फार आवडतं. शंका आली तर घड्याळ थांबवून आर्बिटरला विचारायचा हक्क प्रत्येकाला आहे, त्यात लाजण्यासारखं काहीही नाही.

प्रश्न: तीच पोझिशन तिसऱ्यांदा आली म्हणून मी चाल केली, घड्याळ दाबलं आणि ड्रॉ क्लेम केला. आर्बिटरने क्लेम फेटाळला आणि नंतर मी हरलो. पोझिशन खरंच तीनदा आली होती, स्कोअरशीटवर स्पष्ट आहे.

उत्तर: पोझिशन खरी, पण क्लेमची पद्धत चुकली. क्लेम करायचा हक्क फक्त ज्याची चाल आहे त्याला असतो, तुम्ही घड्याळ दाबलं त्या क्षणी चाल समोरच्याची झाली आणि तुमचा हक्क संपला.

पद्धत दोन प्रकारची आहे. तुमच्या चालीने पोझिशन तिसऱ्यांदा येणार असेल तर ती चाल पटावर करायची नाही, स्कोअरशीटवर लिहायची, घड्याळ थांबवायचं आणि आर्बिटरला सांगायचं की ही चाल करून मी ड्रॉ क्लेम करतोय. एरवी चाल करण्याआधी लिहायला बंदी आहे, इथे मात्र आधी लिहूनच क्लेम होतो. दुसरा प्रकार, समोरच्याच्या चालीने पोझिशन तिसऱ्यांदा आली आणि आता चाल तुमची आहे, तर कुठल्याही मोहऱ्याला हात न लावता क्लेम करायचा. क्लेम चुकीचा निघाला तर समोरच्याला २ मिनिटं मिळतात आणि लिहिलेली चाल करावीच लागते, म्हणून आधी स्कोअरशीटवर मोजून घ्या.

तीन वेळा लागोपाठ यायला हवी असंही नाही. मध्ये दहा चाली वेगळ्या गेल्या तरी चालतं, फक्त सगळे मोहरे त्याच घरांवर, चाल त्याच खेळाडूची, आणि कॅसलिंगचे किंवा एन पासाँचे (दोन घरं पुढे आलेलं प्यादं बाजूच्या प्याद्याने लगेच मारायचे) हक्कही तेच हवेत. १९७१ मध्ये ब्युनॉस आयर्सला फिशर आणि पेट्रोशियन यांच्या मॅचचा तिसरा डाव असाच संपला. पेट्रोशियनची पोझिशन चांगली होती, वेळेच्या गडबडीत मोहरे मागेपुढे करताना पोझिशन तिसऱ्यांदा येतेय हे त्याच्या लक्षात आलं नाही आणि फिशरने क्लेम केला. माजी वर्ल्ड चॅम्पियनचं असं होतं तर आपण स्कोअरशीट नीट लिहायलाच हवी, क्लेम करायला आणि समोरच्याचा क्लेम टाळायलाही.

तुमच्या बाबतीत आर्बिटर स्वतःहून मध्ये पडायला हवे होते का, तर नाही. तीच पोझिशन पाचव्यांदा आली तर डाव आपोआप ड्रॉ होतो, तिथे क्लेम लागत नाही. तीन वेळेला लागतो. तसंच पन्नास चालींत प्यादं हललं नाही आणि काही मारलं गेलं नाही तर क्लेम, पंचाहत्तर झाल्या तर आपोआप.

प्रश्न: मी १३ वर्षांचा आहे, माझं फिडे रेटिंग १५२० आहे. पुढच्या स्पर्धेत पहिल्याच राऊंडला मला साधारण १८२० वाला येणार असं वाटतंय. रेटिंग जाईल म्हणून भीती वाटते. ड्रॉसाठी खेळू का?

उत्तर: अरे, तुझ्यासाठी हा राऊंड सगळ्यात फायद्याचा आहे, आकडे बघ म्हणजे पटेल. एलो पद्धतीत (रेटिंग काढायच्या पद्धतीत) दोघांच्या रेटिंगमधल्या फरकावरून अपेक्षित गुण ठरतात. १०० चा फरक असेल तर वरच्याकडून ०.६४ ची अपेक्षा, २०० ला ०.७६, ३०० ला ०.८५, ४०० ला ०.९२. म्हणजे १८२० वाल्याविरुद्ध तुझ्याकडून फक्त ०.१५ ची अपेक्षा आहे. १८ वर्षांखालच्या आणि २३०० च्या आतल्या खेळाडूंना के फॅक्टर ४० असतो, म्हणजे मिळालेले गुण आणि अपेक्षित गुण यांतल्या फरकाला ४० ने गुणायचं, म्हणून तू जिंकलास तर ३४ पॉइंट मिळतात, ड्रॉ केलास तर १४, आणि हरलास तर जातात फक्त ६. आता सांग, कोणाला भीती वाटायला हवी?

ड्रॉसाठी खेळू नकोस. ड्रॉसाठी खेळणारा मोहरे कापत सुटतो आणि आपल्यापेक्षा चांगल्या खेळाडूला एंडगेममध्ये नेऊन ठेवतो, जिथे अनुभवाचा फरक सगळ्यात जास्त कळतो. मोहरे पटावर राहू दे, तुला माहीत असलेलं ओपनिंग खेळ, आणि त्याची प्रत्येक चाल झाली की स्वतःला एकच विचार: या चालीने आता काय बदललं? कुठलं घर सुटलं, कोणत्या मोहऱ्याचा आधार गेला, कुठे शह आला?

हा प्रश्न मोठ्यांकडूनही राहून जातो. २००६ मध्ये बॉनला व्लादिमीर क्रॅमनिक वर्ल्ड चॅम्पियन असताना डीप फ्रिट्झ या कॉम्प्युटर प्रोग्रॅमविरुद्ध खेळत होता, दुसऱ्या डावात त्याने वजीर ई३ ला नेला आणि समोर एका चालीत मात होती, वजीर एच७. पांढऱ्याचा घोडा एफ८ वर जाऊन बसला होता आणि तिथून एच७ ला जोर देत होता, घोडा तिकडे क्वचितच असतो म्हणून ती मात नजरेला पडली नाही. वेळेची टंचाई नव्हती, पोझिशनही वाईट नव्हती. तुझ्या १८२० वाल्यालाही असं काही सुटू शकतं, तुझं लक्ष मात्र तिथे असायला हवं.

आणि एक, रेटिंग दर राऊंडनंतर मोबाइलवर मोजत बसू नकोस. खरं तर मोबाइल खेळाच्या हॉलमध्ये आणूच नकोस, तिथे तो तुझ्याजवळ सापडला तर वाजला नसला तरी डाव जाऊ शकतो.

प्रश्न: समोरचा माझ्या वेळात दर तीन-चार चालींनी ड्रॉ विचारत होता. हे चालतं का?

उत्तर: नाही. ड्रॉ विचारायची जागा ठरलेली आहे: आपली चाल करायची, ड्रॉ विचारायचा, मग घड्याळ दाबायचं. तुम्ही विचार करत असताना विचारलेला ड्रॉ धरला जातो, पण तुम्हाला त्रास दिला म्हणून तुम्ही तक्रार करू शकता, आणि सारखं विचारणं हा तर त्रासच आहे. घड्याळ थांबवून आर्बिटरला शांतपणे सांगा. समोरच्याशी वाद घालू नका, त्यात तुमचंच लक्ष जातं. प्रत्येक ऑफरच्या वेळी स्कोअरशीटवर चालीपुढे बरोबरचं चिन्ह कंसात, असं (=), लिहायचं असतं, ते लिहिलं असेल तर आर्बिटरला किती वेळा विचारलं ते लगेच दिसतं. ऑफर दिली की मागे घेता येत नाही हेही लक्षात ठेवा, तुम्ही तोंडाने नाही म्हणेपर्यंत किंवा चाल करायला मोहऱ्याला हात लावेपर्यंत ती तशीच उभी असते.

प्रश्न: डाव झाल्यावर मी लगेच इंजिनमध्ये (चाली तपासणाऱ्या कॉम्प्युटर प्रोग्रॅममध्ये) टाकतो, ते सांगतं कुठे चुकलं, पण पुढच्या स्पर्धेत परत त्याच चुका होतात. काय करू?

उत्तर: आधी इंजिन बंद ठेवा. समोरचा तयार असेल तर त्याच्यासोबत बसा, डाव संपल्यावरची ती पंधरा-वीस मिनिटं मला सगळ्यात मोलाची वाटतात, कारण तो त्या वेळी काय बघत होता हे तुम्हाला दुसरं कोणीही सांगू शकत नाही. बऱ्याचदा कळतं की ज्या चालीची तुम्हाला भीती होती ती त्याच्या डोक्यातही नव्हती, आणि त्याला जी दिसत होती ती तुम्ही पाहिलीच नव्हती. मग घरी एकटे बसून स्वतःच्या शब्दांत लिहा: इथे मला असं वाटलं, इथे मी हे मोजलं, इथे नुसतंच खेळलो. हे लिहून झालं की मग इंजिन लावा, तोपर्यंत नाही.

इंजिन चाल सांगतं, तुमच्या डोक्यात त्या वेळी काय चाललं होतं ते त्याला माहीत नसतं. तुमची चूक तर तिथे असते. १९७३ मध्ये विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन या दोन संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, खेळाडू तीनच होते, एक मास्टर, एक चांगला क्लब प्लेअर आणि एक नवशिका. खऱ्या डावातली पोझिशन पाच सेकंद दाखवून परत मांडायला सांगितली तर मास्टर बाकीच्यांच्या कितीतरी पुढे होता, पण तेच मोहरे पटावर कसेही विस्कटून ठेवले की त्याचा हा फायदा जवळजवळ गेला. म्हणजे मास्टरची नुसती स्मरणशक्ती भारी नसते, त्याच्याजवळ ओळखीचे आकार असतात, हा असा राजा, ही अशी प्यादी, इथे असं होतं. पहिल्या पत्रातला समोरचा खेळाडू एफ८ ला सरळ मागे गेला तो याच जोरावर.

हे आकार इंजिनचा आकडा वाचून डोक्यात बसत नाहीत. तुमच्या डावातली ती पोझिशन लाकडी पटावर मांडा, दोन्ही बाजूंनी खेळा, एकदा पांढरा होऊन जिंकायचा प्रयत्न करा आणि एकदा काळा होऊन वाचायचा, शक्यतो क्लबातल्या कोणालातरी समोर बसवून आणि घड्याळ लावून. मग त्याच प्रकारच्या आणखी चार-पाच पोझिशन घ्या, प्यादं एक रांग मागे असेल तर काय, चाल समोरच्याची असेल तर काय, प्यादं कडेचं एच-प्यादं असेल तर काय (तिथे बचाव करणारा राजा कोपऱ्यात पोचला की बरोबरी, हेही करून बघा). सगळ्या चुका एकदम घेऊ नका, एका डावातून एकच चूक घ्या, सगळ्यात महागात पडलेली. चालींसोबत वेळही लिहीत असाल तर ती कुठली हे शोधायला फार वेळ लागणार नाही.